लोमिलोमी : दुखण्यासह जगण्याची रीत

जानेवारी 1873 मध्ये इझाबेला बर्ड नावाची 41 वर्षांची एक इंग्रज स्त्री न्यूझीलंडहून आलेल्या जहाजातून हवाई बेटांवर उतरली. पाठीच्या कण्याचे दुखणे तिला तरुणपणापासून जडलेले होते. शस्त्रक्रिया झाली होती, तरी ते पुरते गेले नव्हते. मायदेशी तिचे कित्येक दिवस अंथरुणावर जात. डॉक्टरांनी अखेर हवापालट सुचविला होता. हवाईत तिने एक साधी गोष्ट पाहिली. विलायती रीतीप्रमाणे बायकांनी घोड्यावर एका अंगाने बसायचे. तेथील बायका मात्र पुरुषांप्रमाणे दोन्ही बाजूंना पाय सोडून बसत. तिने तसे बसून पाहिले आणि पाठीची कळ पुष्कळच कमी झाली. त्याच वर्षी ती मौना लोआ या चार हजार मीटरांहून उंच ज्वालामुखीच्या माथ्यापर्यंत जाऊन आली.

बहिणीला लिहिलेल्या तिच्या पत्रांचे पुस्तक 1875 मध्ये निघाले. त्यात लोमिलोमीचाही उल्लेख आहे. लांबचा प्रवास करून आलेल्या पाहुण्याचे हातपाय आणि पाठ रगडून, चोळून, दाबून त्याचा शीण घालविणे हा त्या बेटांवरील आतिथ्याचा भाग होता. आपल्याकडे पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवावा, तितक्या सहजपणे हे होत असे. हवाई भाषेत ‘लोमी’ म्हणजे चोळणे, दाबणे, मळणे. शब्दाची द्विरुक्ती झाली की ती क्रिया पुन्हा पुन्हा होते, असा अर्थ होतो.

पॅसिफिक महासागरातील इतर बेटांवरही ही विद्या होती. 1777 मध्ये कॅप्टन कुक ताहितीत असताना त्याच्या कमरेपासून पावलापर्यंत असह्य कळा येत होत्या. तेथील राजघराण्यातील बायकांनी आणि त्यांच्या सोबतिणींनी जहाजावर येऊन त्याचे अंग हाडे कडकडेपर्यंत रगडले. काही वेळा हा उपचार झाल्यावर त्याची कळ थांबली, असे त्याने स्वतःच रोजनिशीत नोंदविले आहे.

हवाईत मात्र लोमिलोमी ही केवळ थकवा घालविण्याची युक्ती राहिली नाही. ती घराण्याघराण्यांतून चालत आलेली वैद्यविद्या होती. आजोबा किंवा आजी नातवंडांपैकी एकाला लहानपणीच हेरत आणि त्याच्याच हाती ती सोपवीत. प्रत्येक घराची पद्धत वेगळी. कोणी अंगठा आणि तळवा वापरी, कोणी कोपर आणि हाताचा पुढचा भाग. कोणी रोग्याला पालथे निजवून त्याच्या पाठीवर पावलांनी चाले. तापविलेले दगड होते, पेरूच्या वाकड्या फांदीची काठी होती. तेल खोबऱ्याचे किंवा कुकुई बियांचे असे. कुकुई म्हणजे ज्याला आपण जंगली अक्रोड म्हणतो, तेच झाड. बाळंतीण आणि तान्हे मूल यांचेही अंग चोळले जाई, आणि येथे आपल्या आज्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

हात लावण्यापूर्वी प्रार्थना होई. त्याआधीही एक गोष्ट होई, आणि जुनाट आजाराच्या दृष्टीने तिचे मोल सर्वांत मोठे आहे. रोग हटेना, तर वैद्य रोग्याच्या घरात डोकावून पाही : कोणाशी अबोला आहे काय, वाटणीवरून काही राहून गेले आहे काय, कोणाचा शब्द मनाला लागला आहे काय. मग ‘होओपोनोपोनो’ करावयाचे. या शब्दाचा अर्थ विसकटलेले नीट लावणे असा आहे. मेरी कावेना पुकुई (1895–1986) या हवाई विदुषीने आपल्या घराण्यात पाहिलेली ही रीत 1972 च्या ग्रंथात नोंदवून ठेवली, म्हणून तिचा तपशील आज मिळतो. घरातील सर्व मंडळी एकत्र बसत. वडीलधारा माणूस प्रार्थना करून विषय मांडी. प्रत्येकाने आपले म्हणणे त्या वडिलांना उद्देशून सांगायचे, समोरच्याला उद्देशून नव्हे, म्हणजे शब्दाला शब्द वाढत नाही. राग चढू लागला की वडील सर्वांना गप्प बसवीत आणि ती शांतता पुष्कळ वेळ चाले. पुढे कबुली, मग क्षमा, मग दोन्ही बाजूंनी सोडून देणे. एकदा सोडलेली गोष्ट पुन्हा उकरून काढावयाची नाही. शेवटी सर्वांनी मिळून जेवावयाचे. क्षमापनेची रीत ज्यांच्या घरी आहे, त्यांना यात परके काही वाटणार नाही. फक्त तेथे वार्षिक दिवसाची वाट पाहिली जात नसे, दुखणे हेच निमित्त होई.

यामागे एक व्यवहारी समज आहे. मोडलेले हाड सहा आठवड्यांत जुळते. तेवढे दिवस घर रोग्याला सांभाळून घेते. परंतु संधिवात, मधुमेह, अर्धांगवायूनंतरचे लुळेपण यांना मुदत नसते. पहिल्या महिन्यात सारे चौकशी करतात, तिसऱ्या वर्षी कोणी करीत नाही. रोगी चिडचिडा होतो, करणारी सून किंवा पत्नी दमते, आणि दोघेही एकमेकांना ते सांगत नाहीत. पेढीवरचा कर्ता पुरुष आजारी पडला तर त्यात आणखी एक अवघडलेपण येते : चाव्या कोणाकडे, सही कोणाची, हा प्रश्न औषधांहून अधिक टोचतो. अशा घरात गोळ्या वेळेवर दिल्या जातात, पण रोग्याच्या अंगाला हात लागतो तो केवळ रक्तदाब मोजताना किंवा सुई टोचताना.

या विद्येवर नंतरच्या काळाने बराच घाव घातला. 1820 मध्ये मिशनरी आले आणि जुने वैद्य संशयास्पद ठरू लागले. बाहेरून आलेल्या रोगांनी लोकसंख्या झपाट्याने घटत होती. कुष्ठरोगाच्या भीतीने 1865 मध्ये कायदा झाला, आणि जानेवारी 1866 पासून रोग्यांना मोलोकाई बेटावरील कालाउपापा येथे पाठविण्यास आरंभ झाला. ती जागा एका बाजूस उभा कडा आणि तीन बाजूंस समुद्र अशी आहे. 1969 पर्यंत सुमारे 8,000 माणसे तेथे धाडली गेली. त्यांतील बहुसंख्य मूळ हवाई होती. हवाई लोकांनी त्या रोगाला नाव दिले ते ताटातूट करणारा आजार असे. सुरुवातीच्या काळात काही नवरे, बायका, आया स्वतः निरोगी असूनही रोग्याबरोबर तेथे राहावयास गेल्या. त्यांना ‘कोकुआ’ म्हणजे साह्य करणारे म्हणत. ज्या समाजात उपचार म्हणजे घरच्यांचा हात, त्या समाजाला रोग्याला हात न लावता बोटीत चढवून देणे किती जड गेले असेल, हे त्या नावावरूनच कळते.

विसाव्या शतकात मालिशीसाठी परवाने आले, परीक्षा आल्या. घरात शिकलेल्या वृद्ध माणसांना त्या अडसर ठरल्या आणि अनेकांनी आपले काम ओळखीपाळखीपुरतेच ठेवले. हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, दक्षिण कोना भागातील केएई येथे राहणाऱ्या मार्गारेट मचाडो (1916–2009) यांनी मात्र रीतसर परवाना मिळविला. ही विद्या त्यांना आजोबांकडून मिळाली होती. 1970 च्या दशकात त्यांनी घराण्याबाहेरच्या, इतकेच नव्हे तर परदेशी विद्यार्थ्यांनाही ती शिकविण्यास आरंभ केला. घरच्या विद्येचे दार परक्यांना उघडले म्हणून काहींना ते रुचले नाही. पण दार बंद ठेवून कित्येक घराण्यांची विद्या त्यांच्याबरोबरच संपली, हेही खरे आहे. सारे त्यांना ‘आंटी मार्गारेट’ म्हणत. लोमिलोमी म्हणजे प्रार्थनेचे काम आणि प्रेमाचा स्पर्श, असे त्यांचे शिकविणे होते.

आज जगभरच्या महागड्या हॉटेलांत लोमिलोमी या नावाने जे मिळते, त्यात तेल असते, संगीत असते, बिल असते, घर नसते.

आता औषधाच्या बाजूने पाहू. मालिशीने मधुमेह जात नाही, झिजलेला सांधा भरून येत नाही. पाठीच्या जुन्या दुखण्यात तिने काही काळ आराम पडतो, झोप बरी लागते, मनाचा ताण उतरतो. दररोज दुखणाऱ्या माणसाला दोन तासांची शांत झोप ही लहान गोष्ट नव्हे. मात्र काही ठिकाणी हात आवरावा लागतो. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असेल, एका पायाला अचानक सूज येऊन तो दुखू लागला असेल, ताप असेल, जखम असेल, हाडे ठिसूळ झाली असतील, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा कर्करोगाचा उपचार चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून अंग रगडू नये. मधुमेह्याच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. तापविलेला दगड किंवा गरम पाण्याची पिशवी तेथे लावली तर चटका बसतो आणि त्याला कळतही नाही. चालू गोळ्या मालिशीच्या भरवशावर बंद करणे हा तर उघड धोका आहे.

घरात करावयाचे ते थोडेच आहे. दुकान बंद करून मंडळी परतल्यावर, रात्री निजण्यापूर्वी, कोमट खोबरेल आणि दहा मिनिटे. आधी रोग्याला विचारावे : आज कोठे दुखते, किती जोर सोसवेल. कालचे उत्तर आज चालत नाही. दूरदर्शन बंद, फोन दुसऱ्या खोलीत. हात एकाच व्यक्तीचा नसावा. एक दिवस पत्नीचा, एक दिवस मुलाचा, कधी नातवाचा. मुलांना सुरुवातीला संकोच वाटतो. वडिलांच्या पायांना वाकून नमस्कार करणे निराळे आणि ती पावले मांडीवर घेऊन बसणे निराळे. पहिल्या दिवशी बहुधा कोणी बोलत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी वडीलच विचारतात, आज गल्ला किती झाला, आणि मग गोष्टी निघतात.