शेवाळातलं तेल आणि उजनीचं पाणी

दोस्तांनो, उजनीचं पाणी हिरवं पडलं की आपण नाक मुरडतो. अशाच शेवाळापासून गाडीचं इंधन होतं म्हटलं तर? ही थाप नाही. काही सूक्ष्म शेवाळं पेशीत तेल साठवतात, त्याचं बायोडिझेल करता येतं. त्यांना सुपीक रान लागत नाही, सांडपाणी चालतं, कार्बन डायऑक्साइड तर त्यांचं खाद्यच. ऊन सोलापुरात फुकट आणि धूर सोडणारा एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्पही जवळच. मग घोडं अडलंय कुठं?

पाण्यात! उघड्या तळ्यातल्या शेवाळाचा एक किलो कोरडा माल हवा असेल, तर साधारण एक ते दोन हजार लिटर पाणी गाळावं लागतं. गाळा, वाळवा, मग तेल काढा. यात इतकी ऊर्जा जाते की चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. अमेरिकन सरकारनं १९७८ ते १९९६ यावर संशोधन केलं, पण खनिज तेलापुढं ते महागच ठरलं. एक्सॉनमोबिलनं २००९ मध्ये यात हात घातला, २०२३ मध्ये काढून घेतला.

आणि उजनीतलं शेवाळ? ते कुणी पिकवलेलं नाही. पुणे, पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ते माजतं. त्यात अनेकदा नील-हरित प्रकार असतात. त्यांत तेल कमी आणि काही तर विषारी. म्हणून 'प्रदूषणातून पेट्रोल' असल्या घोषणांना भुलू नका. जिथं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्या शहरानं इंधनासाठी गोडं पाणी उन्हात आटू देणं परवडणारं नाही.

मग नाद सोडायचा? मुळीच नाही. शेवाळाला आधी सफाईचं काम द्या. शुद्धीकरणाच्या तळ्यात ते सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस शोषून घेतं, पाण्याला ऑक्सिजन देतं. काढलेलं शेवाळ न वाळवता, ओलंच बायोगॅसला वापरता येतं. पाणी सुधारतं, वर थोडं इंधनही मिळतं.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधताय? कॉलेजच्या गच्चीवर सांडपाण्याचं एक टाकं मांडा. एप्रिलच्या उन्हात किती पाणी उडालं, किती ग्रॅम शेवाळ आलं, किती वीज लागली, रोज लिहून ठेवा. तेलाचं स्वप्न खुशाल बघा, पण पाण्याचा हिशोब आधी मांडा. दुष्काळी मुलखातल्या पोरांना तो कुणी शिकवायला नको!