नटी व्हायचंय तिला!

मैत्रिणींनो, कॉलेजात जाणारी लेक नटी व्हायचं म्हणते आणि घरात धुसफूस सुरू होते. अभ्यास सोडून कादंबऱ्या वाचते, नाहीतर टीव्हीसमोर बसते, ही आईची तक्रार. पण नटाचं निम्मं शिक्षण तिथंच होतं की!

स्मिता पाटीलच पाहा ना. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. तिथं मराठी बातम्या वाचणारी ही सावळी मुलगी पुढं श्याम बेनेगलांच्या 'भूमिका'त (१९७७) उभी राहिली आणि राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेली. त्या चित्रपटाला आधार हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनाचा.

ते पुस्तक लेकीच्या आधी तुम्ही वाचा. नटीची कमाई, तिचा संसार नि तिची फरफट, सगळं त्यात आडपडदा न ठेवता आलंय. मग तिला द्या. भाजी निवडता निवडता एखादं पान तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. उच्चार कुठं अडखळतात ते चटकन कळतं. टीव्हीचा आवाज बंद करून नुसते चेहरे बघायला सांगा. (सासूबाई कुरकुरतील, कुरकुरू देत.) होकार-नकाराचं त्यानंतर बघता येईल. मिस्टरांनाही तोवर घाई करू देऊ नका.