पांढरा कोट, बारीक अक्षरे

दुपारनंतर थकवा येतो? केस गळतात? जिना चढताना दम लागतो? चाळिशी ओलांडलेल्या कुणाचे उत्तर ‘नाही’ असेल? पूरक आहाराच्या जाहिरातीची खरी करामत या प्रश्नांतच आहे. आधी रोजचे जगणे दुखणे ठरवायचे, मग डबी पुढे करायची. उरलेले काम पांढरा कोट करतो. तो घालणारा डॉक्टर असलाच पाहिजे असे नाही. मधुमेहासारखे ठरावीक आजार बरे करण्याचा दावा १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने गुन्हा ठरतो. म्हणून ‘साहाय्यक’, ‘पोषक’, ‘प्रतिकारशक्तीला बळ’ असे निसरडे शब्द येतात. शब्दांत खोटे सापडत नाही आणि ग्राहक मात्र ‘बरे करते’ असेच ऐकतो. त्यात शाकाहारी लोकांत ‘बी-१२’ची कमतरता खरोखरच आढळते, हे खरे नाणे दाखवून बाकीची खोटी खपवता येतात. रक्त तपासून घ्या, असे सांगणारी जाहिरात आठवते का कुणाला?

डबीवरचा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांकही गुणाची हमी समजला जातो. तो उत्पादकाचा परवाना आहे, गोळीच्या परिणामाचा दाखला नव्हे. ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सक्तीची ओळ त्याच डबीवर असते, भिंग लावून शोधावी लागेल अशी. २०२३मध्ये जाहिरात मानक परिषदेने आरोग्यसल्ला देणाऱ्या समाजमाध्यमी ‘इन्फ्लुएन्सर’ना पात्रता जाहीर करायला सांगितले, ते बरेच झाले. आता ती बारीक ओळ जाहिरातीतल्या दाव्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत छापायची सक्ती प्राधिकरणाने करावी.