वर्णन कापू नका

किशोरांसाठी लिहिणाऱ्याला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: वर्णन कापा, घटना वाढवा. मुलांना धीर नसतो म्हणे. मग दाखला येतो भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचा. पण फुरसुंगीचा तो काटकुळा बनेश फेणे पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहिला, तो नुसत्या धावपळीमुळे? धावपळ तर कितीतरी रहस्यकथांत होती. त्याची अंगकाठी, सायकल, तोंडातून निघणारं ‘ट्टॉक्’ भागवतांनी नेमकं टिपलं. वर्णन तिथे थोडक्यात आहे, पण आहेच.

आणि प्रकाश नारायण संतांचा लंपन? ‘वनवास’ (1994), ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ या चार पुस्तकांतल्या घटना सांगायला बसलं तर फार वेळ लागणार नाही. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे राहणारा मुलगा शाळेत जातो, मित्रांबरोबर हिंडतो. बाकी सगळं त्याचं पाहणं आणि ऐकणं, तेही बेळगावकडच्या कानडी वळणाच्या मराठीत. ती वर्णनं काढली तर लंपनच उरत नाही. यावर म्हणतात, लंपन मोठ्यांनाच आवडतो, मुलांना नाही. मला हे मुळीच पटत नाही. बारा-तेराव्या वर्षी मनात जे दाटतं त्याला मुलाकडे नाव नसतं. दिसलेलं, ऐकलेलं मात्र लख्ख असतं. मग त्या वयाची कथा वर्णनातून नाही बोलणार तर कशातून?

‘संतांना प्रतिभा होती, आम्हाला ती प्रेरणा कुठली?’ हाही युक्तिवाद मला पळवाट वाटतो. संत कराडला भूशास्त्र शिकवत. दगडाचा रंग, कण, थर बारकाईने पाहणं हा त्यांचा रोजचा अभ्यास. त्यांच्या गद्यातला नेमकेपणा या शिस्तीशी नातं सांगतो, असं मला ठामपणे वाटतं. प्रेरणा आकाशातून पडायची वाट पाहण्यापेक्षा आपल्या गल्लीतला नळ, शाळेचा जिना, दुपारची एसटी नीट पाहावी.

कापायचंच असेल तर निबंधाच्या वहीतून आलेली सोनेरी किरणं आणि किलबिल खुशाल कापा. ती कुठल्याच पात्राने पाहिलेली नसतात. पण जो परिच्छेद कथेतल्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे, त्याला संपादकांनी हात लावू नये. पानं जास्त होत असतील तर एखादा पाठलाग कमी करावा.