तळे खुले झाले, पाण्याचे काय?

दर वर्षी २० मार्चला आपला समाज महाडला लोटतो. १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि सार्वजनिक पाण्यावर माणूस म्हणून आपला हक्क सांगितला, हा इतिहास आपल्या लहान पोरांनाही पाठ आहे. त्यानंतर सनातन्यांनी तळे बाटले म्हणून १०८ घागरींचा विधी केला आणि पंचगव्याने ते 'शुद्ध' करून घेतले, हेही सर्वांना ठाऊक आहे. आता शेण आणि गोमूत्र म्हणजे नत्र आणि स्फुरद. साचलेल्या पाण्यात ते कालवणे याला जलशास्त्रात प्रदूषण म्हणतात. आपल्या स्पर्शाने त्या तळ्याचे काहीही बिघडले नव्हते. बिघडले असलेच तर ते शुद्धीकरणाने!

हे आम्ही थट्टेने सांगत नाही. शुद्ध-अशुद्धतेची मोजपट्टी या देशात माणसांना लावली गेली, पाण्याला लावलीच गेली नाही. १९३७ साली मुंबई हायकोर्टाने चवदार तळ्याचा निकाल आपल्या बाजूने दिला. पुढे राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट ही नावे घेऊन भेदभावाला बंदी झाली. पण तळ्यावर जाण्याचा हक्क मिळाला आणि तळ्यातले पाणीच जनावराला पाजण्याच्या लायकीचे उरले नाही, तर त्या हक्काचे करायचे काय? चळवळीने हा प्रश्न अजून आपला मानलेला नाही, अशी आमची तक्रार आहे.

उदाहरण पूर्व विदर्भाचे घेऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडचे 'मामा तलाव', सहा हजारांच्या वर आहेत. (१९५४ साली बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक याच भंडाऱ्यातून लढले आणि काँग्रेसने त्यांना पाडले, हे नव्या पिढीने विसरू नये.) हे तलाव बांधल्याचे श्रेय कोहळी समाजाला आणि मालगुजारांना दिले जाते. ते योग्यही असेल. मात्र पाळीवर माती टाकणाऱ्या टोपल्या कोणाच्या डोक्यावर होत्या, हे कोणत्याही सनदेत लिहिलेले नसते. त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले, लहान पुढे जिल्हा परिषदेकडे आले. मालक बदलला. सांडवा फुटला, पाळ खचली, गावचे सांडपाणी तलावात वळले, तर विचारायचे कोणाला, हे मात्र गावाला आजही कळत नाही.

हे तलाव उथळ आहेत, आणि सगळा प्रश्न या उथळपणात आहे. खोल धरणात सूर्यप्रकाश तळापर्यंत जात नाही. उथळ तलावात तो जातो, म्हणून तळाला हायड्रिला, व्हॅलिसनेरियासारख्या पाणवनस्पती वाढतात. त्या गाळ धरून ठेवतात, पाण्यातले खत शोषतात, माशांच्या पिल्लांना लपायला जागा देतात. पाणी नितळ राहते आणि नितळ आहे म्हणून वनस्पती टिकतात. एकाने दुसऱ्याला सांभाळायचे, असा तो संसार असतो. शेतातला युरिया, डीएपी आणि गटाराचे पाणी येत राहिले की काही वर्षे वरून काहीच दिसत नाही. मग एखाद्या उन्हाळ्यात शेवाळ माजते, पाणी हिरवे होते, तळाला अंधार होतो, वनस्पती मरतात, मोकळा झालेला गाळ वाऱ्याच्या लाटेनेही ढवळून वर येतो. नितळ तलाव गढूळ होतो आणि गढूळच राहतो. उथळ तलावांच्या या दोन अवस्थांची मांडणी मार्टेन शेफर या डच शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली केली. यातली वाईट गोष्ट अशी की, बाहेरून येणारी घाण बंद केली तरी तलाव लगेच सुधारत नाही. गाळात साठलेले स्फुरद तळाशी प्राणवायू कमी झाला की पुन्हा पाण्यात उतरते आणि वर्षानुवर्षे शेवाळाला पोसत राहते. निळ्या-हिरव्या शेवाळाचे काही प्रकार तर विषारी असतात. ते पाणी प्यालेली जनावरे दगावतात.

यात सरकारी विकासाने भर घातली. मत्स्योत्पादनाच्या नावाखाली तलावांत रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस आणि गवत्या सोडले गेले. गवत्या पाणवनस्पती फस्त करतो, सायप्रिनस तळाचा गाळ उकरतो. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करत नाहीत, म्हणून मत्स्यबीज दर वर्षी विकत आणा. मरळ, शिंगी, मागूर या फुकट मिळणाऱ्या मासळीच्या जागी कर्जाची मासळी आली, एवढाच त्याचा अर्थ. काठावर दक्षिण अमेरिकेतून आलेली बेशरम पसरली. जनावर तिला तोंड लावत नाही आणि ती हटता हटत नाही. नावच बोलके आहे. वरून गाळ काढण्याच्या योजना आहेत. गाळ काढणे चूक नाही, पण जेसीबी लावून तलावाचा खड्डा केला की उथळ काठ जातो आणि गाळात निजलेले पाणवनस्पतींचे बी व कंद ट्रॉलीत भरून जातात. ठेकेदाराचे बिल घनमीटरवर निघते, बियांवर नाही.

याची झळ कोणाला बसते? ज्याच्या घरी बोअरवेल आणि फिल्टर आहे, त्याला तलाव हिरवा झाला काय आणि पिवळा झाला काय. झळ ढिवर बांधवांना बसते, ज्यांचे पोट मासळी आणि शिंगाड्यावर आहे. शेळ्या-म्हशी राखणाऱ्या, तलावावर धुणी धुणाऱ्या, आठवड्यातून एकदा मासळीचे कालवण करणाऱ्या आपल्या भूमिहीन बौद्ध कुटुंबांना बसते. या घरांत बाजारातले मटण रोज येत नाही. तलावातली मासळी हेच त्यांचे प्रथिन.

आता कायद्याचे बोलू, कारण तो आमचा व्यवसाय आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ जागा नियमांनी व्याख्येतूनच भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि मत्स्यशेती किंवा सिंचनासाठी बांधलेल्या रचना वगळल्या. म्हणजे ज्या तलावावर गाव जगते, तो 'पाणथळ' नाही! १९७१ च्या रामसर कराराने मानवनिर्मित जागाही पाणथळ मानल्या आहेत. आमच्याच राज्यातले नांदूर मध्यमेश्वर हे बंधाऱ्यामागे साचलेले पाणी आहे आणि ते रामसर यादीत आहे. तिथे परदेशी पक्षी येतात म्हणून मान मिळाला. तो मिळालाच पाहिजे, पण मामा तलावावर माणसे येतात, हे कारण पुरेसे का होऊ नये? त्याच २०१७ साली सुप्रीम कोर्टाने सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण देण्याचा आदेश दिला. आपल्या गावचा तलाव त्या नोंदीत आहे का, हे किती कार्यकर्त्यांनी तपासले?

दुसरे हत्यार आपल्या घरातच गंजत पडले आहे. अनुसूचित जाती-जमाती ज्या जलस्रोताचे पाणी नेहमी वापरतात, ते घाण करून वापराच्या लायकीचे न ठेवणे हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने गुन्हा आहे. १९८९ च्या मूळ कायद्यात तो होता आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर तो कलम ३(१)(x) मध्ये आहे. विहिरीत कोणी घाण टाकली की आपण हे कलम आठवतो. कारखान्याचा किंवा वरच्या आळीचा नाला वर्षानुवर्षे आपल्या तलावात सोडला जातो, तेव्हा ते कोणाला आठवत नाही. असा खटला कोर्टात टिकवणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. ढिवर समाज भटक्या जमातीत मोडतो, त्याला या कलमाचे संरक्षण नाही, हेही खरे. पण तलाव दोघांचा एकच आहे. शिवाय वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(१)(d) मध्ये मासळी आणि जलाशयातील इतर उत्पादनांवरचा सामूहिक हक्क आहे. जंगलालगतच्या गावांनी तो मागितला पाहिजे.

पर्यावरण हे उच्चवर्णीयांचे दुर्बीण घेऊन फिरण्याचे चोचले आहे, असे आमचे काही मित्र म्हणतात. त्यांचा राग निराधार नाही. तलाव वाचवण्याच्या नावाने आधी काठावरच्या झोपड्या उठतात, रिसॉर्ट राहते. २०११ च्या जगपाल सिंग निकालाने गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले, तेव्हाही सरकारी पट्ट्यावरील भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत अपवादाला जागा ठेवली होती. तो परिच्छेद अधिकाऱ्याला वाचून दाखवायला आपला माणूस तिथे हवा. आपण या प्रश्नापासून दूर राहिलो, तर तलावाचा निर्णय आपल्याशिवाय होईल आणि आपल्याविरुद्ध होईल.

रस्ता अगदीच अंधारात नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजासोबत काम करून दाखवले आहे. बेशरम उपटायची, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरायचा, पावसाच्या तोंडावर स्थानिक पाणवनस्पती लावायच्या. हे काम मुख्यतः बायांनी केले. ज्या हातांना तलावाच्या लिलावात कधी बोलू दिले नाही, त्या हातांनी तलाव जिवंत केले.

तेव्हा १ मेच्या ग्रामसभेत तालुक्यातालुक्यातील आपल्या कार्यकर्त्यांनी ढिवर बांधवांना सोबत घेऊन तलावाचा विषय ठेवावा. सांडपाणी शोषखड्ड्यांतून गेल्याशिवाय तलावात सोडू नये, मासेमारीच्या ठेक्यात गवत्या सोडण्यास मनाई असावी, गाळ काढताना काठ आणि तळाचा काही भाग राखून ठेवावा आणि तलावाची पाणथळ म्हणून नोंद करावी, असा ठराव लेखी घ्यावा. त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्यावी. पुढे कोर्टात जायची वेळ आलीच, तर पहिला कागद तोच लागतो.