खोली नंबर १४ मध्ये कोण राहत होते?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या आत्यांचा निरोप आला. ‘शनिवारी सुट्टी असेल तर ये. चाळीचं काहीतरी कागदाचं काम निघालंय.’ आम्ही पडलो कारकून माणूस. कागदाचे काम निघाले की नातेवाईकांना आमची हटकून आठवण होते, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही ते काम आवडते.

आत्यांची चाळ मध्य मुंबईत. तीन मजले, लाकडी जिना, पुढे लांब गॅलरी, टोकाला संडास. १ सप्टेंबर १९४० च्या आधी बांधलेली, म्हणून सरकारी भाषेत ‘अ’ वर्गातील उपकरप्राप्त इमारत. आता तिचा पुनर्विकास व्हायचा आहे. अशा इमारतीत पुनर्विकासाच्या वेळी कोणाला घर मिळायचे, हे १३ जून १९९६ या तारखेला तिथे कोण राहत होते यावर ठरते. म्हणजे प्रत्येक खोलीचा पुरावा हवा. आत्या त्या खोलीत १९६७ साली नवी नवरी म्हणून आल्या. त्यांच्याइतका पुरावा दुसरा कोणता? पण कागदाला माणूस दिसत नाही, कागदाला कागदच लागतो.

आत्यांनी पत्र्याच्या पेटीतून भाडेपावत्यांचा गठ्ठा काढला. सगळ्या त्यांच्या सासऱ्यांच्या नावावर. सासरे १९७४ साली वारले, यजमान १९९१ साली. पावतीवरचे नाव कुणी बदलले नाही. हे आपल्याकडे घरोघरी असते, त्याचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. पावतीवर नाव सासऱ्यांचे, वडिलांचे नावही बरोबर, पण आडनाव भलतेच! विकासकाच्या माणसाने म्हणे विचारले होते, ‘आजी, हे गृहस्थ तुमचे कोण?’

आम्ही आत्यांकडे पाहिले. त्या म्हणाल्या, ‘लिहिणाऱ्याची चूक असेल. तू बीकॉम शिकलास ना, लाव काहीतरी हिशोब.’

आम्ही हिशोब लावायला निघालो.

सुरुवात मालकापासून केली. मुंबई शहरात प्रत्येक जागेला कॅडेस्ट्रल सर्व्हे नंबर असतो, त्याला सी. एस. नंबर म्हणतात. उपनगरात तोच सी. टी. एस. नंबर. हा नंबर हाती असला की नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रकाची नक्कल मागता येते. फोर्टातल्या जुन्या जकात घराच्या पायऱ्या आम्ही तीनदा चढलो आणि नक्कल मिळवली. वाचकहो, ते पत्रक म्हणजे त्या जमिनीची जन्मकुंडलीच असते. क्षेत्रफळ किती, सत्ताप्रकार काय, धारक कोण, कोणाकडून कोणाकडे गेली, केव्हा आणि कशी. आमच्या चाळीची जमीन निघाली फझेंदारी. म्हणजे जमिनीचा धनी एक आणि वरच्या इमारतीचा दुसरा. मुंबईतल्या जुन्या भागात हा प्रकार पुष्कळ ठिकाणी आहे. मूळ मालक गेला, मुलांची नावे चढली, मुलांनी विकली, घेणाऱ्याने गहाण टाकली, पुन्हा विकली. जुने नाव कंसात, नवे त्याखाली. मालकांची सबंध पिढ्यान् पिढ्यांची ओळ आमच्यासमोर उभी राहिली.

मग दुय्यम निबंधकांकडे सूची क्रमांक २ पाहिली. तिला बोली भाषेत इंडेक्स टू म्हणतात. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, जे जे नोंदवले गेले त्याचा सारांश तिथे मिळतो. तिथेही मालकच.

आणि राहणारे? चाळीत खोल्या बेचाळीस. एका खोलीत पाच माणसे धरली तरी दोनशेच्या वर जीव. पण मालकीच्या कागदांत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नाही. याचे कारण साधे आहे. महिन्याच्या भाड्याने खोली घेतली तर त्याची नोंदणी करावी लागत नसे. भाडेकरार लेखी करून नोंदवलाच पाहिजे हे बंधन आले १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, आणि तो अमलात आला ३१ मार्च २००० रोजी. त्याआधीच्या गिरणी कामगाराने, गोदी कामगाराने, झाडूवाल्याने खोली घेतली ती तोंडी बोलीवर आणि एका पावतीवर. तो राहिला, त्याची मुले जन्मली, तो मेला, आणि घराच्या मालकीच्या कागदावर त्याची सावलीसुद्धा पडली नाही.

एका जाणत्या वकीलसाहेबांनी आम्हाला वाट दाखवली. ते म्हणाले, ‘महापालिकेच्या करनिर्धारण व संकलन खात्यात जा आणि इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट मागा.’ ही गोष्ट प्रत्येक चाळकऱ्याने लक्षात ठेवावी. मुंबईत २०१० पर्यंत मालमत्ता कर ठरायचा तो इमारतीला किती भाडे येऊ शकते यावरून. त्यामुळे पालिकेचा निरीक्षक चाळीत येऊन खोलीवार लिहून घ्यायचा: खोली कितवी, भाडेकरू कोण, भाडे किती. त्याला कर ठरवायचा होता, आपला इतिहास लिहायचा नव्हता. पण मालकावर कर बसवण्याच्या निमित्ताने राहणाऱ्याचे नाव सरकारदरबारी चढले!

त्या उताऱ्यात खोली नंबर १४ समोर सासऱ्यांचे नाव सापडले. आडनाव मात्र पुन्हा तेच, पावतीवरचे. म्हणजे लिहिणाऱ्याची चूक नव्हे. दोन ठिकाणचे दोन कारकून एकच चूक करीत नाहीत, हे आम्ही कारकून म्हणून सांगतो.

मग आत्यांच्या यजमानांची जन्मनोंद काढली, १९४४ सालची. वडिलांचे नाव तेच, पत्ता तीच चाळ, खोली नंबर १४, आणि आडनाव आपले, खरे. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि आम्हाला उलगडा झाला. पुढच्या शनिवारी ते आत्यांपुढे ठेवले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘मला सगळं ठाऊक होतं रे. सांगायची लाज वाटली.’

त्यांच्या सासूबाईंनी त्यांना सांगितले होते ते असे. मामंजी गावाहून आले तेव्हा कुठे खोली मिळेना. जात विचारली की खोली भरलेली असायची. शेवटी या चाळीत मालकाच्या मेहताजीने नाव विचारले तेव्हा त्यांनी दुसरेच आडनाव सांगितले. खोली मिळाली. पण ते आडनाव रोज सांभाळावे लागले. नळावर एक आडनाव, घरात दुसरे. गावचा माणूस आला तर त्याला जिन्यातच गाठून समजवायचे. बाबासाहेबांचा फोटो होता, तो पेटीत, कपड्यांच्या घडीखाली.

७ डिसेंबर १९५६ ला मामंजी बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला गेले. दादरच्या चौपाटीवरून रात्री उशिरा परतले. कुणाशी बोलले नाहीत. पेटी उघडली, फोटो काढला आणि खोलीत नव्हे, बाहेर गॅलरीत, दाराच्या चौकटीवर खिळा ठोकून लावला. सकाळी सबंध चाळीला कळले खोली नंबर १४ मध्ये कोण राहते ते. महिनाभर नळावर भांडणे झाली, दोन घरांनी बोलणे टाकले. पण मामंजींनी फोटो काढला नाही. त्यानंतर गावची माणसे उघडपणे येऊ लागली. सासूबाईंनी खाणावळ घातली. एका वेळी सात सात जण पाळीपाळीने जेवायचे, झोपायचे. भिंतीवर प्रत्येकाचा कपड्याचा एकेक खिळा. त्या सात जणांचे नाव तर कुठल्याच कागदावर नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यातले उरलेसुरलेही गावी गेले. खिळे मात्र आम्ही पाहिले, अजून आहेत.

‘मग पावतीवरचं नाव तेव्हाच का नाही बदललं?’ आम्ही विचारले.

‘बदलायला गेलं तर मालक म्हणणार, खोटं नाव सांगून शिरलात, आता बाहेर व्हा. म्हणून राहू दिलं.’ मग त्यांनी आम्हालाच विचारले, ‘प्रतिज्ञापत्रात हे लिहिलं तर मामंजी खोटारडे ठरतील का रे?’

या प्रश्नावर आम्ही क्षणभर अडलो. मग त्यांना बडोद्याची हकिगत सांगितली. १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. कोलंबियात शिकून आलेला विद्वान, पण गावात उतरायला जागा नाही. शेवटी पारशांच्या एका सरायीत जागा मिळाली, ती वहीत पारशी नाव लिहिण्याच्या अटीवर. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि त्यांना बाहेर पडावे लागले. स्वतः बाबासाहेबांनीच आपल्या आठवणींत हे लिहून ठेवले आहे, काही न लपवता. उद्या कुणी त्या सरायीची वही शोधून तिथे कोण राहिले ते पाहू लागला, तर त्याला भीमराव आंबेडकर हे नाव सापडणार नाही. म्हणून बाबासाहेब तिथे राहिलेच नाहीत का? आणि खोटे कोण ठरले? नाव बदलणारा, की नाव बदलल्यावाचून निवारा न देणारा?

आत्यांनी पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, ‘लिही. सगळं लिही.’

आम्ही लिहिले. खोली कशी घेतली, आडनाव का वेगळे पडले, दोन्ही नावे एकाच माणसाची कशी. सोबत इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट, जन्मनोंद, सासऱ्यांचा आणि यजमानांचा मृत्यूचा दाखला, १९९६ च्या आधीची वीज बिले. मधल्या काळात मालकाने भाडे घेणे बंद केले होते, तेव्हा आत्या मनीऑर्डर करीत. ‘नाकारले’ असा शेरा मारून परत आलेल्या त्या मनीऑर्डरींचे कागद त्यांनी जपून ठेवले होते, तेही जोडले. भाडेकरू वारल्यावर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांकडे हक्क जातो, म्हणून सोबत राहिल्याचा हा पुरावा मोलाचा. तिसऱ्या मजल्यावरच्या एका वृद्ध काकांनी साक्ष दिली. बोलणे टाकलेल्या दोन घरांपैकी एक घर त्यांचेच. ते म्हणाले, ‘त्या सकाळी तो फोटो मी पाहिला. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो.’

सुनावणी झाली. यादीत खोली नंबर १४ समोर आता आत्यांचे नाव आहे, खऱ्या आडनावासह. बाईचे नाव त्या खोलीच्या कागदावर चढले ते प्रथमच.

बंधू-भगिनींनो, ही एका घरची गोष्ट नव्हे. मुंबईत, पुण्यात, नागपुरात आपली माणसे ज्या घरांत राहिली त्यांचे मालक शोधणे अवघड नाही. त्यांचे कागद शिक्क्यानिशी जपलेले आहेत. आपले कागद पेटीत, उंदरांच्या तोंडी. परळच्या बी. आय. टी. चाळीत बाबासाहेब राहत. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने अशा चाळी बांधल्या. तिथे जाणारा कोणीही ट्रस्टचे नाव विचारत नाही, बाबासाहेबांची खोली विचारतो. लंडनला किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ साली शिकत असताना राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते घर विकत घेतले ते या राहणाऱ्यासाठी. घराची किंमत मालकाने ठरते, पण त्याचा मान राहणाऱ्याने ठरतो.

म्हणून एवढे करा. भाडेपावती, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, वीज बिल, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुन्या मतदार यादीची प्रत, जे हाताशी असेल ते तारीखवार लावा. नावात, आडनावात फरक असेल तर घाबरू नका आणि लपवू तर मुळीच नका. तो का पडला हे जाणत्या माणसाकडून आजच लिहून घ्या, खाली सही किंवा अंगठा घ्या. चाळ पडायच्या आधी प्रत्येक खोलीत कोण कोण राहिले याची एक वही करा. पोटभाडेकरू, खाणावळीचे पाहुणे, बाळंतपणाला आलेल्या लेकी, सगळ्यांची नावे लिहा.

आमच्या आत्यांनी वही घातली आहे. त्या सात खिळ्यांपैकी पाच जणांची नावे त्यांना आठवली. उरलेल्या दोघांसाठी येत्या सुट्टीत आम्ही गावी जाणार आहोत.

जयभीम!