वाजेमपचे बंदिवान

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रीमँटल बंदरापासून सुमारे १८ किलोमीटर दूर असलेले, अवघ्या १९ चौरस किलोमीटरांचे रॉटनेस्ट बेट आज प्रवाशांचे नंदनवन मानले जाते. आणि तेथील शुभ्र पुळणी, खारी सरोवरे, खासगी मोटारींना मज्जाव असल्याने सायकलींना मोकळे मिळालेले रस्ते, तसेच माणसाच्या पायाशी निर्धास्त बसून पाने कुरतडणारा, पोटाला पिशवी असलेला मांजराएवढा क्वोका पाहिला, म्हणजे ही कीर्ती अस्थानी वाटत नाही.

परंतु याच बेटावर, म्हणजे तेथील मूळ रहिवासी नूंगार लोकांच्या वाजेमपवर, १८३८ पासून, मधली काही वर्षे वगळता, १९०४ पर्यंत सरकारने मूळ रहिवाशांचा तुरुंग चालविला. दूरदूरच्या मुलखांतून, बहुधा साखळदंडांनी जखडून, आणलेल्या सुमारे ३,७०० पुरुषांना व मुलांना येथे डांबण्यात आले. त्यांनी दगड फोडले, मीठ काढले, इमारती उभारल्या, आणि त्यांतील किमान ३७० जण येथेच मातीआड झाले. १८६४च्या सुमाराच्या 'क्वॉड' या बंदिशाळेच्या कोठड्यांच्या पुढे भिंती पाडून प्रवाशांसाठी खोल्या केल्या गेल्या, आणि ही वहिवाट २०१८ पर्यंत चालली. दफनभूमीवर तर कित्येक वर्षे सुटीचे तंबू पडत.

अंदमानच्या कोठडीत विश्रामगृह थाटण्याची कल्पना कोणता मराठी माणूस सहन करील? क्वोकाचे छायाचित्र प्रवाशांनी अवश्य घ्यावे, पण धक्क्यावर उतरताच त्यांची पावले प्रथम क्वॉडकडे वळावीत, आणि त्या वास्तूचे पुढे काय करावे याचा अखत्यार पर्यटन खात्याकडे नव्हे, त्या बंदिवानांच्या वंशजांकडे असावा.